नॅकची ग्रेड आणि एनआयआरएफची रँक, ॲडमिशनच्या वेळी कशाला किती किंमत द्यायची?

कॅप राउंडचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय ॲडमिशन फेऱ्यांचे, दिवस आले की पुण्यात बसस्टॉपपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे "नॅक ए प्लस" नाहीतर "एनआयआरएफ रँक" दिसायला लागतं, आणि बऱ्याच घरांत या दोन्ही गोष्टी एकच समजून चर्चा चालते. एकच नाहीयेत, नॅक कॉलेजचा दर्जा तपासून ग्रेड देतं आणि एनआयआरएफ ही केंद्र सरकारची रँकिंगची यादी आहे, आणि हे कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कळायला हवं.

शाळेतलं आठवा, ग्रेड म्हणजे फर्स्ट क्लास आणि रँक म्हणजे वर्गातला नंबर. नॅक १९९४ पासून आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अंतर्गत, ऑफिस बंगळुरूला. कॉलेज आधी स्वतःचा रिपोर्ट देतं, मग टीम तपासणी करते आणि ४ पैकी सीजीपीए, म्हणजे सरासरी गुण, ठरतो, ३.५१ पासून पुढे ए डबल प्लस, ३.०१ ते ३.२५ ला नुसता ए. इथे कोणाशी स्पर्धा नसते, कितीही कॉलेजांना ए मिळू शकतो. ग्रेड साधारण ५ वर्षं चालते, त्यामुळे फ्लेक्सवरची कुठल्या साली मिळालेली आहे ते विचारा. आणि ती अख्ख्या कॉलेजला असते, तुमच्या ब्रँचला नाही, इंजिनिअरिंगच्या कोर्ससाठी एनबीएची मान्यता वेगळी असते ती बघायची.

एनआयआरएफची पहिली यादी आली २०१६ ला, आणि तिथे दरवर्षी नंबर लागतात. इंजिनिअरिंगला शिकवणं आणि सोयींना ३० टक्के, रिसर्चला ३० टक्के, पोरं पास होऊन पुढे काय करतात त्याला २०, आणि लोकांचं त्या कॉलेजबद्दल काय मत आहे यालासुद्धा १०. म्हणजे सरांचे पेपर किती छापले यावर बराच नंबर हलतो, पण फर्स्ट इयरला साधं मॅथ्स वन कोण शिकवणार आणि कसं, हे त्यात कुठेच नाही. आपलं पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत २०२४ ला २३ वं होतं, २०२५ ला ५६ वं, आता एका वर्षात वर्गातलं शिकवणं ३३ नंबरांनी घसरतं का? शिवाय विद्यापीठाचा नंबर हा त्याला जोडलेल्या पुणे, नगर, नाशिकच्या शेकडो कॉलेजांचा नंबर नव्हे, हा घोळ तर फारच जण करतात.

माझं स्पष्ट मत आहे की ४० वा का ६० वा यावरून प्रेफरन्स बदलू नका. पण एनआयआरएफ सोडूनही देऊ नका, कारण खरी कामाची गोष्ट रँकच्या मागे आहे. भाग घेणाऱ्या कॉलेजने एनआयआरएफसाठी भरलेला डेटा त्या कॉलेजच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतो आणि त्यात किती जणांनी ॲडमिशन घेतली, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती, प्राध्यापक कोण आणि कधी जॉइन झाले, सगळं असतं. फ्लेक्सवर एका पोराचं सर्वात मोठं पॅकेज असतं, इथे मधल्या पोराचा पगार दिसतो, आणि आपण बहुतेक त्या मधल्यांतच असणार आहोत ना! दोन-तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी-शेजारी उघडा, मास्तरांची नावं दरवर्षी बदलतायत का बघा. हे आकडे ब्रँचप्रमाणे नसतात, त्यामुळे तुमच्या ब्रँचच्या थर्ड इयरच्या दोघा-तिघांना कॉलेजच्या बाहेर चहावर गाठून विचारा की लॅब खरंच होतात का आणि कंपन्या त्यांच्या ब्रँचला येतात का.