चू फूचंग
चू फूचंग : (१८७३–१९४८). चिनी क्रांतिकारक, संसदपटू व शिक्षणसंस्थाचालक. कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते किम गू यांना जपान्यांपासून दडवून ठेवल्याबद्दल त्यांचे नाव कोरियात आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म झेजियांग प्रांतातील जियाशिंग येथे झाला. जपानमध्ये शिकत असताना ते सुन यत्-सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. १९११ च्या क्रांतीनंतर ते संसदेवर निवडून आले. परंतु चीनचे तत्कालीन अध्यक्ष युआन शिकाय यांना विरोध केल्यामुळे त्यांना सुमारे तीन वर्षे तुरुंगात काढावी लागली. पुढे शांघाय येथील विधी महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले.

२९ एप्रिल १९३२ रोजी शांघायच्या होंगकू उद्यानात जपानी सम्राटाच्या वाढदिवसाचा सोहळा चालू असताना युन बाँग-गिल या कोरियन तरुणाने व्यासपीठावर बाँब फेकला. त्यात जखमी झालेले सेनापती शिराकावा पुढे मरण पावले. या कटाची जबाबदारी किम गू यांनी जाहीरपणे स्वीकारली, तेव्हा त्यांना पकडून देण्यासाठी जपान्यांनी लावलेल्या इनामाची रक्कम आधी २ लाख व नंतर ६ लाख युआनपर्यंत चढत गेली. एवढ्या इनामाच्या माणसाला आसरा देणे म्हणजे घरादारावर संकट ओढवून घेणे होते, आणि चू यांनी नेमके घरच पुढे केले.

किम यांना जियाशिंगमधील मेइवान गल्लीत, चू यांच्या मानसपुत्राच्या घरी ठेवण्यात आले. घराची मागची बाजू पाण्याला लागून होती. वरच्या खोलीतून चोरवाटेने खाली उतरले की तिथे बांधलेल्या नावेत बसता येई. किम स्वतःला क्वांगतुंग प्रांतातील चिनी म्हणवत आणि धोका वाटला की दिवसचे दिवस नावेतच काढत. कोरियन स्वातंत्र्यवाद्यांनी चीनमध्ये स्थापन केलेल्या हंगामी सरकारातील इतर मंडळींनाही याच गावात आसरा मिळाला.

जियाशिंगही असुरक्षित वाटू लागले, तेव्हा चू यांच्या सुनेने, जू ज्यारुई यांनी, किम यांना हाययेन येथील आपल्या माहेरच्या डोंगरातील बंगल्यात नेले. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. भर उन्हाळ्यात उंच टाचांचे बूट घालून, रुमालाने घाम टिपत त्या डोंगर चढल्या. हे दृश्य टिपायला हाताशी चलच्चित्र कॅमेरा असता तर, अशी हळहळ किम यांनी आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. (चू यांच्या कार्याचे वर्णन करताना या सुनेचा उल्लेख सहसा ओझरता होतो, तो तसा होऊ नये.) किम यांचे पुत्र किम शिन यांनी १९९६ मध्ये हाययेनला भेट देऊन, पाणी पिताना उगमाचे स्मरण ठेवावे, या अर्थाची चिनी अक्षरे लिहून ठेवली.

जुलै १९४५ मध्ये राष्ट्रीय राजकीय परिषदेच्या (युद्धकालीन सल्लागार मंडळाच्या) ज्या सहा सदस्यांनी येनान या साम्यवाद्यांच्या मुख्य ठाण्याला जाऊन माओ त्से-तुंग यांच्याशी बोलणी केली, त्यांत चू होते. ‘च्यूसान’ या राजकीय पक्षाच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. शांघाय येथे त्यांचे निधन झाले. दक्षिण कोरियाने १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रस्थापना सन्मानमालेतील स्वातंत्र्य पदक मरणोत्तर दिले.