मुलांचं संग्रहालय आणि खेळाचं संग्रहालय: एक 'कोणासाठी', दुसरं 'कशाविषयी'

अमेरिकेतल्या मुलांच्या संग्रहालयांत एक चिमुकलं सुपरमार्केट बऱ्याचदा दिसतं. कमरेएवढे रॅक, प्लास्टिकची वांगी-टोमॅटो, छोट्या ट्रॉल्या आणि बिलाच्या काउंटरवर कोण बसणार यावरून चाललेली भांडणं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 'द स्ट्राँग' नावाचं खेळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथेही असंच एक आहे. तेही वेगमन्सच्या नावाचं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हे नाव वेगळं सांगायला नको. ही किराणा साखळी मूळची रॉचेस्टरचीच.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे एकच चित्र दिसतं: हात लावायला बंदी नाही, आरडाओरड्याला बंदी नाही, आणि बाकांवर दमलेले आईबाप. मग कुणी म्हणतं, "आमच्या गावातही आहे तसलं, त्यासाठी रॉचेस्टर कशाला?" दुसरा म्हणतो, "खेळण्यांचं संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटातल्या बाहुल्या, पोरं कंटाळतील." दोघांचाही अंदाज चुकतो, आणि दोघंही एका चांगल्या जागेला मुकतात.

माझ्यापुरती एक साधी कसोटी आहे. तिथली वस्तू मोडली तर काय होतं? मुलांच्या संग्रहालयात मोडली तर नवीन मागवतात. मोडणारच, हे हिशेबात धरलेलं असतं. खेळाच्या संग्रहालयातही पुढच्या दालनातली मोडली तर नवीन येते. पण तिचंच भावंड मागच्या कोठारात नोंद करून, ठरावीक तापमानात जपून ठेवलेलं असू शकतं, आणि त्याला साधा चरा गेला तरी तिथल्या माणसाचा जीव खालीवर होतो.

मुलांच्या संग्रहालयाची कल्पना जुनी आहे. जगातलं पहिलं १८९९ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालं. पण आज आपण ज्याला मुलांचं संग्रहालय म्हणतो, त्याचा साचा बराचसा बॉस्टनमध्ये घडला. १९६२ साली मायकल स्पॉक तिथल्या मुलांच्या संग्रहालयाचे संचालक झाले. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे घराघरांत पोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. त्यांनी वस्तू कपाटांतून बाहेर काढल्या आणि मुलांच्या हातात दिल्या. रोजच्या वापरातल्या वस्तू कापून त्यांच्या पोटात काय असतं ते दाखवणारं प्रदर्शन भरवलं. संग्रहालय कशाविषयी आहे यापेक्षा ते कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यांनी आधी ठेवला. पुढे जगभर जी मुलांची संग्रहालयं निघाली, त्यातली बहुतेक याच वाटेने गेली.

त्यामुळे तिथे खेळ हे साधन असतं. पाण्याच्या हौदात होड्या सोडता सोडता प्रवाह समजावा, सुपरमार्केटात हिशेब आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं समजावं, असा बेत असतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात गोरखचिंचेच्या सावलीला २०१९ साली उघडलेलं बालसंग्रहालय, किंवा लोअर परळला २०२३ साली सुरू झालेलं 'म्युझियम ऑफ सोल्युशन्स', ही याच गोत्रातली. तिथे जाऊन कुणी "तुमच्याकडे किती खेळणी आहेत?" असं विचारलं तर तो प्रश्नच गैरलागू ठरेल.

रॉचेस्टरला मात्र तोच प्रश्न पहिला विचारावा. उत्तर लाखांत येतं. खेळणी, बाहुल्या, पट-सोंगट्या, व्हिडिओ गेम आणि खेळाशी जोडलेली कागदपत्रं, असा हा जगातला सर्वांत मोठा संग्रह मानला जातो. आणि त्याची सुरुवात मुलांपासून नाही, एका हौशी बाईपासून झाली.

मार्गारेट वुडबरी स्ट्राँग यांचा जन्म १८९७ चा. आईवडिलांची एकुलती एक लेक, घरचं बख्खळ. लहानपणी आईवडिलांबरोबर देशोदेशी हिंडणं झालं आणि छोट्या वस्तू गोळा करायचा नाद लागला, तो आयुष्यभर सुटला नाही. वडिलांनी योग्य वेळी गावातल्याच ईस्टमन कोडॅकमध्ये पैसे घातले होते, त्यामुळे नादाला पैसा कधी कमी पडला नाही. बाहुल्याच जमवल्या सुमारे सत्तावीस हजार. घर पुरेना म्हणून घराला नव्या खोल्या जोडल्या. हयातीतच, १९६८ साली, त्यांनी संग्रहालयाची कायदेशीर पायाभरणी केली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या आणि संपत्ती या कामासाठी ठेवून गेल्या.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यांत गमतीचं वाटतं. १९८२ साली संग्रहालय उघडलं तेव्हा ते खेळाचं नव्हतंच. इतिहासकारांनी बाईंच्या वस्तूंतून कारखानदारीच्या काळातल्या अमेरिकी घरांचा सामाजिक इतिहास मांडला. अभ्यास चोख होता, पण येणारी माणसं बेताची. नव्वदच्या दशकात गावालाच विचारावं असं ठरलं, आणि संस्था हळूहळू कुटुंबांकडे वळली. २००२ साली ऑरेगन राज्यातून 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम', म्हणजे निवडक खेळण्यांचं मानाचं दालन, त्यांनी आपल्याकडे आणलं. २००६ साली इमारत जवळपास दुप्पट झाली आणि नावातच 'खेळ' आला. म्हणजे इथे संग्रह आधी होता, मुलं नंतर आली. मुलांच्या संग्रहालयात नेमकं उलट होतं: मुलं आधी, वस्तू लागतील तशा.

फरक एका वस्तूत पाहायचा असेल तर स्ट्राँगमधला मोनोपॉलीचा एक पट पाहावा. आपल्याकडचा 'व्यापार' याच कुळातला, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नाही. हा पट चार्ल्स डॅरो यांनी १९३३ साली हाताने काढलेला आहे, तोही मेणकापडावर, आणि चक्क गोल. चौकोनी पुठ्ठ्याची, छापील पैशांची सवय असलेल्या डोळ्यांना आधी हा मोनोपॉली वाटतच नाही. मग कडेकडेने गावातल्या रस्त्यांची नावं, रंगांचे पट्टे दिसू लागतात. बेकारीच्या दिवसांत घरी बसून डॅरोंनी हा खेळ शोधला, ही कथा कंपनीने अनेक वर्षं खोक्याबरोबर विकली. प्रत्यक्षात लिझी मॅगी या बाईंनी १९०४ सालीच 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. जमीनदारी कशी माणसाला पिळते हे लोकांना खेळता खेळता कळावं, हा त्यांचा हेतू. मधल्या तीस वर्षांत तो खेळ हातोहाती फिरला, नियम बदलले, रस्त्यांना अटलांटिक सिटीतली नावं मिळाली, आणि डॅरोंपर्यंत पोचला. १९३५ साली मोनोपॉली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगीबाईंचं पेटंट पाचशे डॉलरला घेतलं आणि कथेतून त्यांचं नाव गळालं. सत्तरच्या दशकात एका कोर्टकज्ज्यात हे सगळं बाहेर आलं. जमीनदाराविरुद्धचा खेळ पुढे जमीनदार होण्याचा खेळ म्हणून जगभर गेला!

मुलांच्या संग्रहालयातही मोनोपॉली असू शकेल. पोरं तो खेळतील, नोटा हरवतील, महिन्याभरात नवा डबा येईल. त्यात वावगं काहीच नाही. पण मेणकापडाचा तो तुकडा विकत घेऊन जपायचा, त्याच्याभोवतीची खरीखोटी कथा सोडवायची, हे काम खेळाचं संग्रहालयच करणार.

दुसरी जागा म्हणजे ते हॉल ऑफ फेम. दर वर्षी काही खेळण्यांना त्यात मानाचं पान मिळतं. ओळखीचं असणं, पिढ्यान्‌पिढ्या टिकणं, खेळता खेळता काही शिकवणं, अशा निकषांवर निवड होते. १९९८ च्या पहिल्याच तुकडीत बार्बी, लेगो, मोनोपॉली यांच्या रांगेत गोट्या होत्या. २००७ साली पतंग आला. २०२२ साली भोवरा, म्हणजे आपल्या लेखी फारच उशिरा. पण खरी दाद द्यावी अशी नावं वेगळीच आहेत: २००५ साली पुठ्ठ्याचं खोकं, २००८ साली काठी, २०२१ साली वाळू. जिचं पेटंट नाही, जाहिरात नाही, दुकानात किंमत नाही, अशा वस्तूला खेळणं म्हणून मान्यता द्यायची तर 'खेळ म्हणजे काय' याचा कुणीतरी गंभीरपणे विचार केलेला असावा लागतो. विटीदांडू खेळलेल्या माणसाला काठीची निवड समजावून सांगावी लागणार नाही.

हा विचार करणारी मंडळीही त्याच इमारतीत आहेत. खेळावरचं एक संशोधन नियतकालिक २००८ पासून इथून निघतं. ग्रंथालयाला ब्रायन सटन-स्मिथ यांचं नाव आहे. हे मूळचे न्यूझीलंडचे. शाळेच्या मैदानात मुलं काय खेळतात याचा अभ्यास करण्यात त्यांनी जन्म घालवला. मधल्या सुट्टीवर आयुष्य वाहिलेला माणूस मुलांच्या संग्रहालयात सल्लागार म्हणून भेटेल. इथे त्याची कागदपत्रं हीच ठेव आहे.

व्हिडिओ गेमकडे आलं की दोन्ही जातींतलं अंतर आणखी वाढतं. जुनी लाकडी बाहुली शंभर वर्षं नुसती पडून राहिली तरी बाहुलीच राहते. १९८० च्या पॅक-मॅनचं यंत्र बंद पडलं की उरतं एक रंगवलेलं कपाट. आतला जुन्या टीव्हीसारखा काचेचा पडदा आता कुणी बनवत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, आणि खेळायला दिलं की यंत्र झिजतं; न दिलं तर ते जपण्याला अर्थ उरत नाही. म्हणून तिथे दुरुस्ती करणारे कारागीर आहेत, आणि जुने गेम चालू असताना कसे दिसत होते याचं चित्रीकरणही करून ठेवतात. नव्वदीत कॉम्प्युटर क्लासच्या नावाखाली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेल्यांनी लक्षात घ्यावं: त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांची टिपणं आणि चित्रफिती इथे आहेत. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावून त्यांनी ते चित्रित केलं होतं, आणि त्यावरून एकेक चित्र काढत राजपुत्राची चाल बसवली. ती चाल इतकी खरी का वाटायची, याचं उत्तर ते.

२०१५ साली व्हिडिओ गेमसाठी वेगळं जागतिक हॉल ऑफ फेम सुरू झालं. पहिल्या तुकडीत पाँग, पॅक-मॅन, टेट्रिस, सुपर मारिओ ब्रदर्स, डूम आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. २०२३ साली या विभागासाठी मोठी नवी इमारत जोडली, आणि तिच्यात सुमारे वीस फूट उंच डाँकी काँगचं यंत्र उभं केलं, तेही चालतं.

अर्थात सीमारेषा इतकी स्वच्छ नाही. स्ट्राँगमध्ये फुलपाखरांची मोठी बाग आहे. तिचा खेळाशी काय संबंध, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. पोरांना आवडते म्हणून आहे, आणि हे कारण सरळसरळ मुलांच्या संग्रहालयाचं. उलट इंडियानापोलिसचं १९२५ सालचं मुलांचं संग्रहालय घ्या. जगातलं सर्वांत मोठं, आणि त्यांच्याकडे लाखाच्या वर वस्तूंचा स्वतःचा संग्रह आहे. लंडनमध्ये तर एका संस्थेने चक्क जात बदलली. बेथनल ग्रीन भागातलं बालपणाचं संग्रहालय बाहुल्यांच्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध होतं. तिथे मुलांपेक्षा मोठ्यांचेच डोळे ओले व्हायचे. डागडुजी होऊन २०२३ साली ते 'यंग व्ही अँड ए' ('व्ही अँड ए' म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) म्हणून उघडलं, आणि आता मुलांनी स्वतः काही करून पाहावं यावर भर आहे. स्ट्राँग इतिहासाकडून खेळाकडे गेलं. हे बालपणाच्या आठवणींकडून मुलांकडे गेलं. मला स्वतःला स्ट्राँगची वाट जास्त भावते, पण चार वर्षांचं मूल हाताशी असलेल्या आईने माझं ऐकू नये.

आता प्रवासाचा प्रश्न. आईबाबा भारतातून आले की नायगारा ठरलेला, आणि न्यू जर्सीहून जाताना कॉर्निंगचं काचेचं संग्रहालयही बहुतेकांच्या यादीत असतं. रॉचेस्टर नायगाराहून गाडीने साधारण दीड तासावर आहे. बरोबर फक्त दोन-तीन वर्षांचं पिल्लू असेल तर एवढा वळसा घेऊ नका. घराजवळच्या मुलांच्या संग्रहालयात ते तितकंच रमेल, आणि झोपेची वेळ झाली की पंधरा मिनिटांत घरी येता येईल. सातवी-आठवीतला मुलगा असेल, जो मुलांच्या संग्रहालयाच्या दारातच "मी काय लहान आहे का?" म्हणतो, त्याला स्ट्राँगलाच न्या. आजोबा बरोबर असतील तर आणखी बरं. गोट्यांचे आणि भोवऱ्याचे नियम त्यांना विचारा. त्या दोघांना मग तुमची फारशी गरज पडणार नाही.