पात्राच्या हाती कोणते शस्त्र? एका तक्त्याची पार्श्वभूमी

रोलप्लेइंग खेळात, म्हणजे फाशांच्या साहाय्याने एका काल्पनिक पात्राची भूमिका वठवण्याच्या टेबलावरच्या खेळात, नवा खेळाडू पहिल्यांदा पात्राचे पत्रक भरायला बसतो, तेव्हा वंश, वर्ग (म्हणजे पात्राचा पेशा) आणि नाव हे रकाने तो उत्साहाने भरतो आणि शस्त्रांच्या रकान्याशी येऊन थबकतो. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका घरी रविवारी दुपारी आमचा डाव मांडला जातो. तिथे गेल्या काही वर्षांत हा थबकण्याचा क्षण मी अनेकदा पाहिला आहे. समोर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पुस्तकातला तक्ता असतो, त्यात घावाची इजा ठरवण्यासाठी लाँगस्वर्डपुढे (लांब तलवारीपुढे) आठ बाजूंचा फासा आणि खंजिरापुढे चार बाजूंचा फासा छापलेला असतो, आणि खेळाडू स्वाभाविकपणे मोठ्या फाशाकडे वळतो. हा तक्ता म्हणजे जणू शस्त्रास्त्रांविषयीचे शास्त्रीय सत्य आहे, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो काही ठरावीक माणसांनी ठरावीक वर्षांत घेतलेल्या निर्णयांचा साठा आहे. ते निर्णय कोणते होते हे समजले, तर शस्त्राची निवड पुष्कळ सोपी होते आणि पुष्कळ अधिक रंजकही होते.

या तक्त्याचे मूळ कल्पनेतल्या जगात नसून टेबलावर शिशाचे सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, ठोकळे आणि फासे यांच्या साहाय्याने लढाई मांडण्याची पद्धत सिद्ध केली, आणि पुढे हीच पद्धत छंद म्हणून युरोप-अमेरिकेत पसरली. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यात माणूस विरुद्ध माणूस अशा द्वंद्वासाठी एक तक्ता होता, आणि त्याची मांडणी आजच्या खेळाडूला नवलाची वाटेल. एका बाजूला शस्त्रे, दुसऱ्या बाजूला चिलखतांचे प्रकार, आणि प्रत्येक जोडीला यशासाठी दोन फाशांवर किती दान पडावे लागेल तो आकडा. म्हणजे ‘कोणते शस्त्र चांगले’ हा प्रश्नच तिथे नव्हता. ‘कोणत्या चिलखताविरुद्ध कोणते शस्त्र’ एवढाच प्रश्न होता. शिवाय लांबीनुसार शस्त्रांना क्रमांक दिलेले होते, आणि पहिल्या गाठीला लांब शस्त्रवाल्याचा वार आधी पडत असे.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन लहान पुस्तिका काढल्या, तेव्हा ही बारीक तुलना पर्यायी ठरली आणि वीस बाजूंच्या फाशाची सोपी पद्धत रुळली. त्या पहिल्या नियमावलीत सर्व शस्त्रांची इजा सारखीच होती: सहा बाजूंचा एक फासा. भाला एका सुवर्णनाण्याला मिळे, तलवार दहा नाण्यांना, आणि दोन्हींच्या घावाने होणारे नुकसान एकच. मग दहापट पैसे देऊन तलवार कोणी का घ्यावी? याचे उत्तर खजिन्याच्या पानांवर होते. जादूच्या तलवारींना तिथे स्वतंत्र स्थान होते. त्यांतल्या काहींना बुद्धी होती, स्वतःची मते होती, आणि त्या केवळ लढवय्या वर्गाच्या पात्रालाच वापरता येत. तलवारीचे माहात्म्य नियमांत शिरले ते असे, आणि ते आजतागायत उतरलेले नाही.

इजेचे निरनिराळे फासे आले ते 1975 च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे मुळात गणित शिकवण्याच्या साहित्यातून या खेळात आले होते, आणि ते हाताशी असल्यावर खंजिराला लहान व तलवारीला मोठा फासा देण्याचा मोह होणे साहजिक होते. त्या पुरवणीत माणसाएवढ्या शत्रूसाठी एक आणि अवाढव्य शत्रूसाठी दुसरा असे दोन आकडे होते. पुढे 1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये चिलखतानुसार कमी-अधिक होणारे गुण, शस्त्राची लांबी, ते फिरवायला लागणारी जागा आणि त्याचा वेग असे सगळेच रकाने परतले, परंतु बहुतेक टेबलांवर ते वापरलेच गेले नाहीत, कारण प्रत्येक वाराला इतके आकडे पाहत बसणे कोणालाच झेपत नव्हते. उरला तो इजेचा फासा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा तोटा इथेच झाला: शस्त्राचा शत्रूशी असलेला संबंध गळून पडला आणि त्याच्या कपाळी एकच आकडा राहिला.

त्याच 1978 च्या पुस्तकाने दुसरी एक गोष्ट आणली, जिचा परिणाम अधिक खोल झाला. लढवय्याला आरंभी चार शस्त्रांचे प्रावीण्य, पुरोहिताला दोन, चोराला दोन आणि जादूगाराला अवघे एक, अशी मर्यादा घालण्यात आली. यादीबाहेरचे शस्त्र उचलले की फाशात वजावट होऊ लागली. तोवर शस्त्र ही बाजारातून घ्यायची आणि मोडली तर टाकायची वस्तू होती, ती आता पात्राच्या ओळखीचा भाग झाली. 1985 मध्ये एकाच शस्त्रात विशेष नैपुण्य मिळवण्याचा नियम आला आणि ही गाठ आणखी घट्ट झाली, कारण अशा लढवय्याने दुसरे शस्त्र हाती घेणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे होते. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने हाच धागा पुढे नेला. 2003 च्या सुधारित आवृत्तीत मात्र काही राक्षसांवर चांदीचेच, काहींवर थंड लोखंडाचेच आणि काहींवर बोथट शस्त्रच चालू लागले, त्यामुळे खेळाडू पुन्हा पाठीवर पाच-सहा शस्त्रे बाळगू लागले. याची अनेकांनी तक्रार केली. मला ती तक्रार पटत नाही; हाडांच्या सापळ्यापुढे धारदार तलवार बाजूला ठेवून गदा उचलावी लागणे हा निवडीचा खरा क्षण आहे.

पुरोहिताची गोष्ट येथे सविस्तर सांगायला हवी, कारण नाशिकच्या टेबलावर तिच्यावरून दर वेळी चर्चा होते. मूळ नियमांत पुरोहित वर्गाच्या पात्राला धारदार शस्त्र वर्ज्य होते. गदा, सोटा, हातोडा एवढेच चालत असे. यामागे युरोपातली एक लोकप्रिय समजूत आहे. फ्रान्समधल्या बायो इथल्या अकराव्या शतकातल्या भरतकामाच्या चित्रमय कापडी पट्टीत बिशप ओडो हाती सोट्यासारखे आयुध घेऊन घोड्यावर दिसतो, त्यावरून धर्मगुरूंना रक्त सांडण्यास मनाई असल्यामुळे ते बोथट शस्त्र वापरत, असा अर्थ काढला गेला. तो सोटा अधिकाराचे चिन्ह असावा असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मध्ययुगात तलवार चालवणारे धर्मगुरू होतेच. तरीही ही समजूत नियम होऊन बसली आणि 2000 मध्ये ती बंदी उठेपर्यंत टिकली.

आपल्याकडच्या वाचकाला ही बंदी मुळातच परकी वाटते. नाशिकहून वणीला सप्तशृंगगडावर गेलेल्या माणसाने देवीला अठरा हातांनी पाहिलेले असते. देवीमाहात्म्याच्या दुसऱ्या अध्यायात ही आयुधे कोणी दिली त्याचा तपशील आहे: शंकराने शूळ, विष्णूने चक्र, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र आणि घंटा, यमाने दंड, काळाने खड्ग आणि ढाल, विश्वकर्म्याने परशू, आणि त्यांच्या जोडीला वरुणाचा शंख, प्रजापतीची अक्षमाला, ब्रह्मदेवाचा कमंडलू. पात्राचे साहित्य कसे निवडावे याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. प्रत्येक वस्तूमागे देणारा आहे, त्याची शक्ती त्या वस्तूत उतरलेली आहे, आणि यादीत शस्त्र नसलेल्या वस्तूंनाही तेवढाच मान आहे. सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला आखाड्यांच्या मिरवणुकीत भाले, त्रिशूळ आणि तलवारी घेतलेले साधू दिसतात, आखाड्यांच्या भाल्यांची पूजा होते. गोदाकाठच्या खेळाडूने पुरोहित पात्राच्या हाती त्रिशूळ दिला, तर त्याला नाही म्हणण्याचे कोणतेही कारण उरत नाही.

वजनाचा प्रश्नही असाच इतिहासातून आलेला आहे. जुन्या नियमांत ओझे पौंडात न मोजता नाण्यांत मोजत, आणि दहा नाण्यांचा एक पौंड धरत. म्हणजे एक नाणे सुमारे 45 ग्रॅमचे, जवळजवळ चार तोळ्यांचे. आपल्या जिल्ह्यातल्या चांदवडच्या टांकसाळीत पडणारा रुपया तोळ्याच्या आसपास असे, हे लक्षात घेतले की त्या कल्पनेतल्या नाण्याचा आकार डोळ्यांसमोर येतो. 1978 च्या तक्त्यात दोन हातांच्या तलवारीचे ओझे 250 नाणी होते, म्हणजे 11 किलोंहून अधिक. त्या आकड्यात वजनाबरोबर अवजडपणाही धरला होता हे खरे, परंतु वाचणाऱ्यांनी तो निव्वळ वजन म्हणून वाचला आणि मध्ययुगीन तलवारी म्हणजे लोखंडाचे ओंडके अशी कल्पना रूढ झाली. युद्धात वापरलेल्या दोन हातांच्या तलवारी साधारण दोन ते साडेतीन किलोंच्या असत. 2014 च्या आवृत्तीत तोच आकडा सहा पौंडांवर, म्हणजे पावणेतीन किलोंच्या घरात आला.

वेगळा रस्ता चोखाळणाऱ्यांचाही उल्लेख केला पाहिजे. 1978 मध्येच आलेल्या ‘रुनक्वेस्ट’ या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाचे प्रमुख रचनाकार स्टीव्ह पेरिन यांना मध्ययुगीन लढाईचा सराव करणाऱ्या मंडळींमध्ये प्रत्यक्ष शस्त्र हाताळण्याचा अनुभव होता. त्यांच्या नियमांत प्रत्येक शस्त्राचे कौशल्य वेगळे, वार करणे आणि वार अडवणे यांचे कौशल्य वेगळे, आणि घाव शरीराच्या कोणत्या भागावर पडला तेही वेगळे मोजले जाते. तिथे ढाल केवळ चिलखताचा एक गुण वाढवणारी वस्तू राहत नाही. ती घेणे हा लढण्याच्या पद्धतीचा निर्णय ठरतो.

आता आपल्या शस्त्रांकडे येतो. मराठी खेळाडू पुष्कळदा पट्टा किंवा कट्यार मागतो आणि टेबल चालवणारा, म्हणजे डावाची गोष्ट सांगून निकाल देणारा, घाईने सांगतो की पट्ट्याला लाँगस्वर्ड समज, कट्यारीला खंजीर समज. यात शस्त्राचे नाव तेवढे मराठी होते, काम मात्र हरवते. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या पोलादी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून व कमरेतून घ्यावा लागतो. तो मोकळ्या जागेत अनेकांना दूर ठेवणारा आहे आणि अरुंद भुयारात जवळजवळ निरुपयोगी आहे. कट्यारीची आडवी मूठ मुठीत धरून ठोसा मारल्यासारखी भोसकायची असते, आणि काही कट्यारींची टोके साखळीचे चिलखत भेदण्यासाठी मुद्दाम जाड केलेली असत. 2000 च्या नियमावलीत ठोसा-खंजिराला लहान फासा परंतु वर्मी लागल्यास तिप्पट इजा दिली होती. कट्यारीच्या स्वभावाच्या इतके जवळ छापील नियम क्वचितच आले आहेत. आणि वाघनख? फाशाच्या हिशेबात ते सर्वांत तळाला जाईल. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज वाघनख आणि बिचवा घेऊन गेले, ते मुठीत आणि अस्तनीत मावत होते म्हणून. लपण्याचा गुण मांडणारा रकाना तक्त्यात नसतो. तो टेबल चालवणाऱ्याने मनात ठेवायचा असतो.

सरळ पात्याची तलवार हवी असणाऱ्यालाही परक्या नावाकडे जाण्याची गरज नाही. युरोपातून आलेल्या पात्यांना इथली मूठ बसवून ‘फिरंग’ तयार होई, आणि तिच्या मुठीच्या टोकाला असलेल्या दांड्यामुळे गरज पडल्यास दुसरा हातही लावता येई. खेळात एका किंवा दोन हातांनी चालवण्याजोग्या शस्त्राला आठ आणि दहा बाजूंचे दोन फासे मिळतात, ती सोय फिरंगेला अगदी चपखल बसते. गंमत अशी की खेळातला ‘लाँगस्वर्ड’ मूलतः एका हाताचा आहे, आणि इतिहासातली त्या नावाची तलवार दोन हातांची होती.

निवडीचा निकष शोधताना मला मराठा सैन्यातला बारगीर आणि शिलेदार हा भेद उपयोगी वाटतो. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. मूळ नियमांप्रमाणे आरंभी तीन फाशांच्या बेरजेच्या दहापट सुवर्णनाणी घेऊन बाजारात उभे राहणारे पात्र हा शिलेदारच असतो, आणि त्याचे दारिद्र्य किंवा समृद्धी त्याच्या हत्यारांतून दिसली पाहिजे. आमच्या टेबलावर मी खेळाडूला फाशाच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारतो: शत्रू दहा पावलांवर असताना हातात काय असेल, तो अंगाशी भिडला की काय उपसशील, आणि दरबारात शिरताना दाराशी हत्यारे ठेवून घेतली तर अंगावर काय उरेल. मागच्या रविवारी एका नव्या खेळाडूने पहिल्या प्रश्नाला विटा सांगितला, म्हणजे फेकून दोरीने मागे ओढता येणारा भाला. दुसऱ्याला ढाल आणि फिरंग. तिसऱ्यापाशी ती बराच वेळ विचारात पडली, आणि शेवटी तिने पत्रकावर बिचवा लिहून त्यापुढे कंसात ‘आजीचा’ असे लिहिले.