लिंकवर बोट लागलं म्हणजे खातं रिकामं?

फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज, की चुकून एका लिंकवर क्लिक केलं तर त्याच सेकंदाला बँक खातं साफ होतं.

घाबरणं साहजिक आहे, पण सहसा तसं होत नाही. सायबर हल्ल्याचे साधारण 7 टप्पे मांडतात: आधी माहिती काढणं, मग हत्यार तयार करणं, ते पोचवणं, फट शोधून शिरणं, आत ठाण मांडणं, बाहेरून ताबा घेणं आणि शेवटी चोरी. नुसती लिंक म्हणजे फक्त तिसरा टप्पा, कुरिअरवाला दारात आलाय एवढंच. (क्लिकविना शिरणारे हल्ले असतात, पण विरळा, म्हणून फोन अपडेट ठेवायचा.)

आता लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल) येते ना, ती उघडली की फोन विचारतो 'अननोन ॲप इन्स्टॉल करू का', मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कारण त्याला ओटीपी हवा असतो, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायला दोन जागा मिळतातच.

स्वतः बघा: सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर, तिथे एसएमएस. अनोळखी ॲप दिसलं तर नेट बंद करून ते काढा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.