पूर्ण एक मिनिट

नागपुरातल्या एका आरोग्य केंद्राचा हॉल. सतरंजीवर पंचवीसेक आशाताई, समोर भिंतीवर व्हिडिओ: तान्हं बाळ झोपलंय, पोट वर-खाली होतंय. मिनिटभर श्वास मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. मिनिट संपलं. कुणाचे ४४, कुणाचे ५२, एकीचे चक्क ६६. बाळ तेच, मिनिटही तेच. मागून आवाज आला, "काऊन जी मॅडम, ते मधात थांबून राहिलं ना!"

तिनं बरोबर पकडलं होतं. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भराभर काही श्वास, मग पाच-दहा सेकंद शांतता, पुन्हा भराभर. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची युक्ती इथे फसते. थांबण्याच्या वेळी मोजलं तर आजारी बाळही ठणठणीत वाटेल. म्हणून पूर्ण साठ सेकंद, तेही बाळ शांत असताना. आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजायचं. पुन्हा तेच आलं, तर दवाखाना गाठायचा.

पण श्वासच का? न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये स्राव साचतो, फुप्फुस ताठर होतं. एका श्वासात पुरेशी हवा मिळेना, की बाळ श्वासांची संख्या वाढवतं. रडणाऱ्या बाळाच्या छातीतला आवाज स्टेथोस्कोपनं ओळखणं मुरलेल्या डॉक्टरांनाही अवघड जातं. पोटाची हालचाल मात्र कुणालाही दिसते. लहान जीव मुळातच भरभर श्वास घेतो, म्हणून वयाप्रमाणे मर्यादा बदलते: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०.

ज्यांना मोजताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न गडचिरोलीत सुटला. नागपूरच्याच सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये (इथे नुसतं 'मेडिकल' म्हणतात) शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या सुईणींसाठी एक साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं.

आशाताईंच्या आजच्या घरभेटी त्यातूनच आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, झोळीचा वजनकाटा. सहाही भेटी पूर्ण केल्या की हाती २५० रुपये. (भागाकार वाचकांनीच करावा.)

नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं, मग घरोघरी फिरायची गरज काय, असं मला आधी वाटायचं. पण बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही. शिवाय आजारी नवजात बाळ रडून गोंधळ घालत नाही, उलट गप्प होतं. दूध ओढत नाही, हातपाय ढिले पडतात, आणि आजी कौतुकानं म्हणते, "लई शांत आहे बाप्पा आमचं बाळ." तिथे मेडिकल हाकेच्या अंतरावर असून उपयोग नाही, हाक मारायची वेळ झालीय, हेच कुणाला कळलेलं नसतं. म्हणून आशाताईचा पहिला प्रश्न साधा असतो: काल ओढत होतं तसं आज दूध ओढतंय का?

हे सगळं एकदा सांगून येत नाही. मोजण्याचा हात बसवावा लागतो, आणि सहा महिने बाळ पाहिलं नाही तर तो मोडतो. खरं प्रशिक्षण मला तिथे दिसतं, जिथे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक ताईबरोबर घरात जाते, त्याच बाळाचे श्वास स्वतः मोजते आणि मग दोघी आपापले आकडे दाखवतात.

हॉलमध्ये व्हिडिओ चौथ्यांदा लागला. मॅडम म्हणाल्या, छातीकडे नको, पोटाकडे बघा. या वेळी बहुतेकींचे आकडे ५६ ते ५९ मध्ये आले. मागच्या त्या ताईनं ५८ लिहिलं होतं, ते खोडलं होतं, आणि शेजारी पुन्हा ५८ लिहिलं होतं.