न बसणारा पंचकोन

वितळलेला धातू थंड केला की त्याचे स्फटिक होणारच, असे 1960 पर्यंत बहुतेकांना वाटत होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत पोल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा थेंब तांब्याच्या थंड पट्टीवर फेकून सपाट केला. तो सेकंदाला सुमारे 10 लाख अंश इतक्या वेगाने निवला. क्ष-किरणांखाली स्फटिकाच्या ठळक रेषा दिसल्याच नाहीत. द्रवासारख्या विस्कळीत रचनेतच गोठलेल्या अशा धातूला धातुकाच म्हणतात. गंमत म्हणजे हा गट काच शोधत नव्हता; एरवी एकजीव न होणारे धातू झटपट गोठवून एकत्र ठेवता येतात का, एवढेच त्यांना पाहायचे होते. हाती आलेली काच खोलीच्या तापमानालाही फार टिकत नव्हती.

पण धातू स्फटिक न होता गोठतोच कसा, या कोड्याचे उत्तर, निदान अर्धे, 8 वर्षे आधीच मांडून झाले होते. डेव्हिड टर्नबुल यांनी धातूंचे बारीक थेंब गोठणबिंदूच्या खूप खालीही द्रवच राहतात, हे दाखवले होते. द्रवातली अणूंची रचना स्फटिकासारखीच असती तर थेंब इतके अडून का बसले असते? ब्रिस्टलच्या एफ. सी. फ्रँक यांनी 1952 मध्ये सुचवले: एका अणूभोवती 12 अणू विंशतिफलकाच्या (20 त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) शिरोबिंदूंवर बसवले, तर त्या पुंजक्याची ऊर्जा स्फटिकी पुंजक्यापेक्षा 8.4 टक्क्यांनी कमी भरते. अडचण पुढेच आहे. विंशतिफलकात पंचकोनी सममिती असते, आणि सुसम (सर्व बाजू आणि कोन समान असलेल्या) पंचकोनी फरशा लावून जमीन भरून दाखवा, फटी राहणारच. म्हणजे स्फटिक व्हायचे तर आधी जमलेला हा संसार मोडायला हवा. माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी कल्पना हीच.

जे. डी. बर्नाल यांनी द्रवाचे रूप समजावे म्हणून पोलादी गोळ्या अस्ताव्यस्त भरून मोजल्या. अशा ढिगात जास्तीत जास्त 64 टक्क्यांच्या आसपास जागा भरते. धातुकाचेला हे चित्र वरवर लागू पडले. पण दोन-तीन प्रकारचे, लहानमोठे अणू एकत्र आले की मांडणी निव्वळ अस्ताव्यस्त राहत नाही. लहान अणूभोवती मोठ्यांचे ठरावीक पुंजके जमतात आणि ते एकमेकांत गुंफले जातात, हे पुढच्या प्रतिकृतींतून दिसत गेले. 2021 मध्ये धातुकाचेच्या एका नमुन्यातल्या 18 हजारांहून जास्त अणूंची त्रिमितीय जागा थेट टिपता आली.

दरम्यान स्फटिकीभवनाचा अर्थही बदलला. एके काळी ते म्हणजे काचेचा नाश. 1988 मध्ये जपानी संशोधकांनी लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या काचेत थोडे तांबे आणि नायोबियम घातले आणि ती मुद्दाम तापवली. तांब्याचे पुंजके स्फटिकांना बीज देतात, नायोबियम त्यांची वाढ रोखते. कण 10 नॅनोमीटरच्या आसपासच थांबतात, आणि मिळणारा मऊ चुंबकीय (सहज चुंबकित आणि विचुंबकित होणारा) पदार्थ मूळ काचेपेक्षा सरस ठरतो.