आधी गाणी, मग लग्नं, शेवटी पिच्चर

‘हम आपके हैं कौन’ची सीडी गावात कुणाच्या दारी लागली की पिच्चर संपल्यावर ओट्यावर मतं निघत, आणि ती बहुतेक ठरलेली असत. बायांचं मत, “लगन मस्त लावलं, पण पोरीले मारायची लय घाई केली.” भजनी मंडळातल्या पेटीवाल्याचं मत, “कॅसेटची पट्टी न् सीडीची पट्टी एक नाही.” म्हाताऱ्यांचं, “याच्याहून तो बैलगाडीवाला बरा होता.” लहान पोट्ट्यांना कुत्र्यापलीकडे मत नव्हतं. आणि सगळ्यांचं मिळून एक, “पिच्चर काय बाप्पा, लग्नाची शूटिंगच पाह्यली!”

हे शेवटचं वाक्य मुंबईच्या सिनेमाधंद्यातही बोललं गेलं होतं. तिथं तो टोमणा होता. ना खलनायक, ना मारामारी, साडेतीन तासांच्या आसपास लांबी, चौदा गाणी, हा चित्रपट आहे की लग्नाची कॅसेट, असं हसत विचारलं जाई. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बाजूला, तेच वाक्य शाबासकी म्हणून निघालं. असं का झालं, हे त्या तीन तबकड्या पाहून कळत नाही. त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

1982च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले आणि त्यांच्या मागं व्हीसीआर. खेड्यात व्हीसीआर विकत घेणारा विरळा. तो यायचा बिछायत केंद्रातून. सतरंज्या, गंज, कढया, भोंगा आणि व्हिडिओ, सगळं एकाच दुकानातून, एकाच वहीत मांडलेलं. गणपतीत, शारदा उत्सवात, नाहीतर कापसाचा चुकारा हाती आला की वर्गणी करून रात्रभरासाठी ‘व्हिडिओ’ आणायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत तीन पिच्चर वसूल करायचे. त्याआधीच्या पिढीला सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. बहिरमची महिनाभराची यात्रा, वणीची रंगनाथ स्वामींची जत्रा, तिथं कनातीत बसून पाहिलेला. तंबूत काय किंवा व्हिडिओपुढं काय, पिच्चर एकट्यानं पाहायची गोष्टच नव्हती. मध्येच बोलणं, गाणं लागलं की आवाज वाढवायला सांगणं, रडं आलं की मोठ्यानं रडणं, हे सगळं पाहण्याचाच भाग होतं.

याच व्हिडिओनं आणि मागून आलेल्या केबलनं टॉकीजवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं. नवा पिच्चर टॉकीजला लागतो न लागतो तोच त्याची चोरटी कॅसेट गावोगाव फिरे. राजश्री ही 1947ची कंपनी, ताराचंद बडजात्यांनी काढलेली. त्यांचा नातू सूरज बडजात्यानं हा चित्रपट केला आणि 5 ऑगस्ट 1994ला तो बाहेर आला, तेव्हा कंपनीनं दोन गोष्टी ठरवून केल्या. प्रिंटा मोजक्याच काढल्या आणि व्हिडिओ कॅसेट काढायचीच नाही, असं ठरवलं. ज्याला पाहायचा असेल त्यानं टॉकीजला यावं. मुंबईच्या ‘लिबर्टी’त तो शंभरावर आठवडे चालला. घरात बसलेली कुटुंबं पुन्हा टॉकीजला आणणारा चित्रपट, असं त्याचं नाव झालं, आणि ते खरंही होतं.

फक्त ती कुटुंबं टॉकीज असलेल्या गावातली. आमच्यासाठी या शहाणपणाचा अर्थ एवढाच की चित्रपट आला नाही, गाणी आली.

गाण्यांची कॅसेट भोंगेवाल्याकडे आली आणि पुढची कितीतरी वर्षं तिथंच मुक्कामाला राहिली. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला एक, बाळाच्या आगमनाला एक. चौदा गाण्यांत घरातलं कोणतंच कार्य सुटत नव्हतं. भोंगेवाल्याला कॅसेट बदलायचाही त्रास नाही, बाजू उलटली की झालं. बँडवाल्यांना तर त्या चाली फार लवकर बसल्या. शहरातले जाणकार या गाण्यांना सोपी, एकसारखी म्हणत. सोपी होतीच. ढोलकीचा ठेका, बायांचा कोरस, दुसऱ्यांदा ऐकली की म्हणता यावी अशी चाल. मला त्यात कमीपणा दिसत नाही. मांडवात म्हणायचं गाणं पहिल्या फटक्यात तोंडात बसायलाच पाहिजे.

या चाली बांधणारा माणूस नागपूरचा, हे आमच्या गावात कितीतरी दिवस कुणाला माहीत नव्हतं. ‘रामलक्ष्मण’ हे खरं तर दोघांचं नाव. राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे विजय पाटील. दादा कोंडक्यांनी या जोडीला ‘पांडू हवालदार’मध्ये संगीत द्यायला लावलं, साल 1975. वर्षभरात सुरेंद्र वारले. विजय पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही. एकट्यानं काम करत राहिले आणि पाटीवर शेवटपर्यंत दोघांचं नाव ठेवलं. 1977च्या ‘एजंट विनोद’पासून ते राजश्रीकडे होते. 1989च्या ‘मैने प्यार किया’नं ते देशभर पोचले. पुढं ‘हम आपके हैं कौन’. 22 मे 2021ला ते नागपुरातच गेले. ढंगदार, खेडवळ, टाळी घ्यायला लावणारं गाणं दादांच्या हाताखाली शिकलेला माणूस श्रीमंताच्या हवेलीतल्या लग्नाला गाणी देतो, तेव्हा ती गाणी हवेलीत कशी राहतील? ती निघाली आणि थेट बिछायत केंद्रात आली. हे माझं मत आहे, पण आमचा पेटीवालाही याला मान हलवेल.

गाण्यांच्या मागून चालीरीती आल्या. आमच्या लग्नात मेव्हण्याचा हक्क कानपिळीचा. नवरदेवाचा कान पिळायचा आणि मान घ्यायचा. मांडवात जोडा गेला, तर आमच्याकडे तो खरंच गेलेला असे. नवरदेवाचा मामा नवा जोडा आणायला निघे. आता साळ्या जोडे लपवायला लागल्या, पैसे मागायला लागल्या, त्यावरून दोन्हीकडची पोरं भांडायला लागली. एका लग्नात जोडा कडब्याच्या गंजीत लपवला आणि लपवणारीच जागा विसरली. माधुरीच्या जांभळ्या साडीची नक्कलही मांडवात दिसायला लागली. पाठीकडचा गळा किती खोल, यावरून मात्र शिंप्याच्या दुकानात मायलेकींची झटापट होई. ही सगळी लग्नं लावणाऱ्यांतल्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलेलाच नव्हता.

म्हणून सीडी आली तेव्हा गावानं नवा पिच्चर पाहिला नाही. ज्या लग्नाला आपण इतकी वर्षं जातोय, त्याचं मूळ कसं होतं ते पाहिलं. “हे आपल्या बबीच्या हळदीतलं गाणं!” असं लोक म्हणत. उलटं कुणी म्हणत नव्हतं.

सीडीबद्दल थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण अर्ध्या तक्रारी तिथल्याच आहेत. व्हिडिओ सीडीचं मानक 1993चं. एका तबकडीवर चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटांचंच चित्र मावतं. त्यामुळे हा चित्रपट तीन तबकड्यांवर. चित्रही डीव्हीडीच्या चौथाई बारकाईचं. दूरच्या पाहुण्यांचे चेहरे ओळखू येत नसत आणि दिव्यांच्या माळा चौकोनी दिसत. स्वस्तातले चिनी प्लेयर हाटात मिळायला लागल्यावर सीडी घरोघर झाली. पुढं मोझर बेअर कंपनीनं इतर चित्रपटांच्या तबकड्या 28 रुपयांना सीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी अशा विकायला काढल्या, तेव्हा तर किराण्याच्या दुकानातही पिच्चर टांगलेले दिसू लागले. डीव्हीडी मात्र आमच्याकडे उशिरा आणि थोडीच आली. ज्या मतांबद्दल मी लिहितोय, ती सीडीची मतं.

त्यात भारनियमन. त्या काळात खेड्यात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. पहिली तबकडी संपते न संपते तोच लाइन जाई, दुसरी कधी मध्यरात्री लागे, तिसरी दुसऱ्या दिवशी. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणण्याचेही उद्योग झाले. पिच्चर असा तुकड्यांत पाहिला की मतंही तुकड्यांत होतात. पहिल्या तबकडीवरच घरी गेलेल्यांचं मत कायम “हसवणारा पिच्चर” असं राहिलं आणि शेवटच्याच तबकडीला आलेले “रडका आहे” म्हणून सांगत फिरले.

पेटीवाल्याचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. पुढं कळलं की त्यात तथ्य असू शकतं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो आणि आपल्याकडच्या टीव्हीची पाल पद्धत 25ची. चौकटीला चौकट जोडून तबकडी बनवली तर चित्रपट चार टक्के वेगानं पळतो, आणि स्वरही जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतो. पेटीवर बोट ठेवून बसणाऱ्याला एवढा फरक कळतो. अर्थात टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की कॅसेटही रेंगाळते, त्यामुळे चूक नेमकी कोणत्या बाजूची, हे आज ठरवता येणार नाही.

आता बायांचं मत. यावर जास्त बोललं पाहिजे, कारण रात्रभर चर्चा चालायची ती यावरच. थोरली बहीण पूजा जिन्यावरून पडून मरते. मागं तान्हं लेकरू. वडीलधारे ठरवतात की धाकट्या निशानं भाटव्याशी, म्हणजे पूजाच्या नवऱ्याशी, लगन करावं, आणि ती बिचारी त्याच्या धाकट्या भावाशी, प्रेमशी ठरलंय असं समजून हो म्हणते. शहरातल्या प्रेक्षकाला हा कथेतला पेच वाटला असेल. आमच्या पडवीत बसलेल्या बायांत असं लगन झालेली एक तरी असे. बहीण बाळंतपणात गेली, लेकरू उघडं पडू नये म्हणून धाकटीला त्याच घरात दिली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

माझी मोठी आई त्या जागी दरवेळी म्हणायची, “तिनं तोंडानं बोलाले पाह्यजे होतं.”

“मोठे माय, तू बोलली असती का वं?” माझी वैनी विचारायची.

“मले कोन इचारलं होतं?”

मग काही वेळ कुणी बोलत नसे, पडद्यावर कुणीतरी गात असे. पूजा झालेली रेणुका शहाणे दूरदर्शनच्या ‘सुरभी’मुळे घरातलीच झाली होती; ‘सुरभीवाली हसरी पोरगी’ म्हणून बाया तिला ओळखत. म्हणून तिचं मरण जिव्हारी लागे आणि ‘मारायची घाई केली’ हा राग दिग्दर्शकावर निघे. आणखी एक राग होता, मराठीपणाचा. माधुरी आपली, रीमा आपली, रेणुका आपली, मग लक्ष्मीकांत बेर्डेलाच काऊन गडी केलं? “आपल्या लक्ष्याले पानी आनाले ठेवलं,” हे एका आबाजींचं वाक्य. त्याला उत्तर नव्हतं.

म्हाताऱ्यांचा बैलगाडीवाला म्हणजे ‘नदिया के पार’. तोही राजश्रीचाच, 1982चा, आणि गोष्ट मुळात तीच: केशवप्रसाद मिश्रांच्या कादंबरीवरून घेतलेली, जौनपूरकडच्या खेड्यांत चित्रित केलेली, संगीत रवींद्र जैन यांचं, नायक आपला सचिन. बारा वर्षांनी त्याच घरातल्या मुलानं तीच गोष्ट मातीच्या घरातून उचलून संगमरवरी जिन्यावर नेऊन ठेवली. जुन्या लोकांना हे लगेच ओळखू आलं. ते म्हणत, त्यात घरी बैल होते, आजारपण होतं, वैद होता. यात कुणी कामाला जाताना दिसत नाही. मुद्दा बिनतोड आहे. साडेतीन तासांच्या चित्रपटात पेरणी नाही, उधारी नाही. पण पोरींना नेमकं तेच आवडलं होतं. वर्षाचे बारा महिने पेरणी आणि उधारीच पाहणाऱ्या पोरीनं पडद्यावरही तेच का पाहावं?

पूर्वेकडे, वडसा-देसाईगंजच्या बाजूला माझी आत्या दिली होती. तिकडची मतं वेगळी निघाली. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या (म्हणजे गावजत्रेच्या), शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं रात्रभर नाटकं होतात, आजही होतात; 2023मध्ये तिथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. रात्री दहाला पडदा उघडणार आणि उजाडताना पडणार, मध्ये गाणी, वन्समोअर, विनोदी पात्र, भावाभावांचा संसार, सासू-सुनांची रडारड. अशा प्रेक्षकाला चौदा गाणी जास्त कशी वाटतील? आत्याच्या दिरानं तक्रार केली ती उलटीच, “गानं चांगलं हाय जी, पन वन्समोअर कोन देईल?” आणि रिमोट हाती घेऊन स्वतःच दिला, तीनदा. खलनायक नाही, ही मात्र तिकडची खरी तक्रार. मामी झालेली बिंदू थोडी कुजकी बोलते, पण तेवढ्यानं झाडीपट्टीचं समाधान होत नाही.

राहिलं पोट्ट्यांचं कुत्रं. शेवटी टफी निशाची चिठ्ठी प्रेमऐवजी मोठ्या भावाकडे नेतो आणि लगन पालटतं. आमच्या गावात फिरणाऱ्या सीडीची तिसरी तबकडी नेमकी तिथंच घासलेली होती. मंजन लावून पाहिलं, ओढणीनं पुसून पाहिलं. टफी तोंडात कागद धरून निघे आणि चित्र थिजे. पुन्हा सुरू होई तेव्हा नवरदेव बदललेला असे. मधलं कुणीच पाहिलं नव्हतं. पोट्टे म्हणत, कुत्र्यानं काहीतरी केलं. बाया म्हणत, मेलेली बहीण नवऱ्याच्या सपनात आली असन. मोठी आई म्हणायची, “नाही वं. पोरगी बोलली असन.”